भुतांच्या गोष्टी आणि 'जाऊ दे'

बरेच दिवस झाले इथे काही लिहून. मधल्या काळात दोघातिघांनी विचारलं, ब्लॉग बंद केलास का? बंद नाही केला. जे लिहायचं होतं ते लिहवत नव्हतं आणि ते सोडून दुसरं काही सुचत नव्हतं, एवढंच. आज लिहूनच टाकते. विषय तसा पुस्तकांचाच आहे, घाबरू नका. (नातेवाईक मंडळींनी मात्र शेवटपर्यंत वाचावं ही विनंती. मधेच सोडून मला फोन करू नका.)

मला भुतांच्या गोष्टी पहिल्यापासून आवडतात. शाळेत असताना नारायण धारप, मग रत्नाकर मतकरी, सगळे दिवा चालू ठेवून वाचले. पुढे एम.ए.ला इंग्रजी साहित्य घेतलं तेव्हा लक्षात आलं, की तिकडच्या भुतांमध्ये एक निराळी जात आहे. आपल्याकडे माणूस गेला की त्याची इच्छा अडकते. मुंजा घ्या, हडळ घ्या, कोणाचं ना कोणाचं काहीतरी राहून गेलेलं असतं. ते पुरवलं की सुटका. तिकडच्या, विशेषतः ख्रिस्ती श्रद्धेतून लिहिलेल्या गोष्टींमध्ये अडकलेली असते ती चूक. केलेली, नाहीतर करायची ती गोष्ट न केल्याची. आणि ती काही नैवेद्य दाखवून मिटत नाही.

मी ख्रिस्ती नाही. संकष्टी करणारी बाई आहे (मोदकांसाठी करते असं घरचे म्हणतात). तेव्हा त्यांच्या धर्मशास्त्राबद्दल माझं काही चुकलं तर जाणकारांनी सांगावं. मी आपली गोष्टींपुरतं बोलतेय.

डिकन्सचं 'अ ख्रिसमस कॅरल' बहुतेकांना माहीत असतं, निदान कार्टूनमधून तरी. १८४३ सालचं पुस्तक. कंजूष स्क्रूज, नाताळची आदली रात्र, तीन भुतं. पण त्या तिघांच्या आधी एक चौथं येऊन जातं, आणि मला तेच जास्त लक्षात राहिलंय. मार्ली, स्क्रूजचा भागीदार, सात वर्षांपूर्वी त्याच रात्री वारलेला. त्याच्या अंगाभोवती साखळी आहे आणि साखळीला काय काय अडकवलंय बघा.. गल्ल्याच्या पेट्या, किल्ल्या, कुलुपं, खातेवह्या, दस्तऐवज, पोलादी बटवे. आपल्या चित्रगुप्ताकडे निदान वही त्याच्याकडे तरी असते, इथे ज्याची त्याने अंगावर वागवायची. जाताना मार्ली खिडकीतून बाहेर दाखवतो, तर हवेत अशीच साखळदंडवाली भुतं भिरभिरतायत. त्यातलं एक, पायाला तिजोरी बांधलेलं, खाली दारात तान्हं मूल घेऊन बसलेल्या एका बाईकडे बघून रडतंय. का, तर तिला मदत करता येत नाही म्हणून. जिवंत असताना करता येत होतं तेव्हा मनात आलं नाही, आता मनात आहे तर हात नाहीत.

शेवट मात्र मला नेहमी जरा सोपा वाटायचा. स्क्रूज एका रात्रीत सुधारतो, टर्की पाठवतो, कारकुनाचा पगार वाढवतो. पैसेवाल्याला पैशाचं प्रायश्चित्त जड नसतं हो. आणि बेलचं काय? तरुणपणी पैशाच्या पायी जिला गमावली तिच्या दारात तो काही जात नाही. पण या वर्षी पुन्हा वाचताना एक जागा सापडली जी इतकी वर्षं माझ्या नजरेतून सुटली होती. भाच्याच्या घरची. फ्रेड हा स्क्रूजच्या वारलेल्या बहिणीचा मुलगा. दर वर्षी मामाला जेवायला बोलावतो, आणि मामा दर वर्षी हाकलून देतो. तर त्या दिवशी स्क्रूज फ्रेडच्या दारावरून दहा-बारा वेळा येरझाऱ्या घालतो, मग कुठे दार वाजवायचा धीर होतो त्याला. आणि आत गेल्यावर विचारतो एवढंच, की मला घरात घेशील का. त्यावर फ्रेडने माफ केलं वगैरे एक शब्द डिकन्सने लिहिलेला नाही. पाच मिनिटांत मामा त्या घरातला होऊन जातो. अख्खं पुस्तक भुतांनी खाल्लं आणि क्षमेच्या वाट्याला जेमतेम एक परिच्छेद! आधी मला हा आळस वाटायचा. आता वाटतं की नाही, त्या दहा-बारा येरझाऱ्या होत्या, त्यातच सगळं आलं.

आता ज्या पुस्तकासाठी हे सगळं लिहायला घेतलं, त्याकडे येते.

सी. एस. लुईस म्हटलं की लोकांना नार्निया आठवतं. त्याचं १९४५ सालचं एक छोटंसं पुस्तक आहे, 'द ग्रेट डिव्होर्स'. (हे नाव उशाशी बघून आईने एकदा दबक्या आवाजात विचारलं होतं, "काय गं, सगळं ठीक आहे ना तुमचं?") ब्लेक या कवीने स्वर्ग-नरकाचं लग्न लावलं होतं, त्याला उत्तर म्हणून लुईसने हा घटस्फोट लिहिला. गोष्ट अशी.. एक राखाडी शहर. कायम तिन्हीसांजा, कायम रिपरिप. बसस्टॉपवर रांग, आणि रांगेतसुद्धा भांडणं. (पीएमटीने प्रवास केलेल्यांना वेगळी कल्पना करावी लागणार नाही.) बस येते ती उडते आणि स्वर्गाच्या पायथ्याशी नेऊन सोडते. खाली उतरल्यावर कळतं की उतारू म्हणजे भुतं आहेत, आरपार दिसणारी. तिथलं गवत हिऱ्यासारखं टणक, यांच्या वजनाने वाकतसुद्धा नाही, उलट तळपायांना टोचतं. प्रत्येकाला न्यायला तिथलं कोणी ओळखीचं माणूस येतं. राहायचं तर राहा, कोणीही अडवत नाही. आणि तरी बहुतेक सगळे परतीच्या बसने त्या रिपरिप गावात परत जातात!

त्यात एक धिप्पाड भूत आहे. जिवंतपणी साहेब होता, हाताखाली माणसं होती. त्याला घ्यायला कोण येतो, तर लेन. हा त्याच्याच हाताखाली काम करणारा, आणि याने जॅक नावाच्या माणसाचा खून केलेला. साहेबाचा संताप होतो. मी आयुष्यभर सरळ वागलो, मी तिकडे खितपत पडतो आणि हा खुनी इथे? मला माझ्या हक्काचं द्या, मला कोणाची मेहेरबानी नको. लेन शांतपणे सांगतो, की अहो, मेहेरबानीच मागा, इथे तेवढीच मिळते, हक्काचं घ्यायला गेलात तर फसाल. जॅकही इथेच आहे, भेटेल तुम्हाला. आणि मग लेन म्हणतो (माझ्या शब्दांत), की जॅकला मारलं ते एका क्षणाच्या भरात. तुम्हाला मात्र मी रात्र रात्र जागून मनातल्या मनात वर्षानुवर्षं मारलं, म्हणून तुमच्यासाठी मला पाठवलंय. तुमची क्षमा मागायची आहे आणि तुम्ही म्हणाल तोवर तुमची चाकरी करायची आहे. साहेब काय करतो? कुरकुरत बसकडे चालू लागतो. खुन्याच्या हाताला धरून स्वर्गात जाण्यापेक्षा नरक पुरवला त्याला.

हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा वर्गात शिकवताना बरा उतारा आहे, एवढंच वाटलं होतं. २०१२ साली परत वाचलं आणि पुस्तक मिटून ठेवून दिलं. कारण तो साहेब मी होते.

सांगते. आई शेवटची चार वर्षं माझ्याकडे होती. पक्षाघातानंतर तिची डावी बाजू गेली होती. चार वर्षांतलं एकेक काम इथे लिहीत नाही, ज्यांनी केलंय त्यांना माहीत आहे. दादा न्यू जर्सीला. दर रविवारी सकाळी फोन करायचा, वीस मिनिटं. आणि त्या वीस मिनिटांत आईचा चेहरा जो फुलायचा तो आठवडाभर मला बघायला मिळायचा नाही. मी वेणी घालायचे, भरवायचे, आणि ती विचारायची, "आज वार काय गं?" रविवार किती लांब आहे ते बघायला.

पुत्राची गोष्ट आहे ना बायबलमध्ये, उधळ्या मुलाची. तो परत येतो आणि बाप मेजवानी देतो. तिथे थोरला मुलगा अंगणात रुसून उभा राहतो, की मी इतकी वर्षं राबलो तर मला साधं करडू कधी दिलं नाहीत. तो आत गेला की नाही हे येशूने सांगितलेलंच नाही. मी सांगते, मी तरी गेले नाही.

२०११ चा पावसाळा. मंगळवारी रात्री डॉक्टर म्हणाले, ज्यांना कळवायचं त्यांना कळवून टाका. फोन माझ्या हातात होता. मी दादाला फोन केला तो गुरुवारी सकाळी. आई शुक्रवारी पहाटे गेली. दादा शनिवारी पहाटे दारात उभा राहिला. मंगळवारी रात्रीच फोन गेला असता तर तो बुधवारी रात्री पोचला असता, आणि गुरुवारी दिवसभर आई शुद्धीवर होती. दोनदा तिने वार विचारला.

त्या दीड दिवसात धावपळ होती का? होती. औषधं, रक्त, नातेवाइकांची ये-जा, सगळं होतं. पण फोन राहून गेला नाही. मी दोनदा नंबर काढला आणि ठेवून दिला. मला ते शेवटचे दिवस त्याला द्यायचे नव्हते. चार वर्षं मी केलं, तर शेवटही माझा, असलं काहीतरी मनात होतं. इतकं स्पष्ट नव्हतं, पण होतं हे नक्की.

सगळ्यांनी समजूत घातली. आत्या म्हणाली, तुझी कसली चूक, तू एकटी कुठे कुठे पुरणार. मावशी म्हणाली, त्याच्या नशिबात नव्हतं. नवरा म्हणाला, डॉक्टरांनी तरी कुठे इतक्यात असं म्हटलं होतं. सगळी मायेची माणसं. आणि प्रत्येक वाक्यागणिक मला जास्त जास्त कोंडल्यासारखं व्हायचं. का ते कळायचं नाही. ते कळलं लुईसच्याच एका छोट्या निबंधात, क्षमेवरच्या. त्याचं म्हणणं असं, की आपण देवाकडे क्षमा मागतो असं म्हणतो तेव्हा बरेचदा मागत असतो ती सबब मान्य व्हावी म्हणून. सबब म्हणजे, माझी चूक नव्हतीच, कारणं होती. क्षमा म्हणजे, चूक होती, पुरती माझी होती, आणि तरी. जिथे सबब पुरते तिथे क्षमेची गरजच नाही. सबब संपल्यावर जे गाळासारखं खाली उरतं, ज्याला काही कारण देता येत नाही, क्षमा फक्त त्याची असते.

मला सबबी मिळत होत्या, अगदी पोत्याने. आणि त्या घेतल्या की तळाचं ते तसंच राहायचं.

आपल्या भाषेची यात एक गंमत आहे. 'गिल्ट'ला मराठीत नेमका शब्द काय? अपराधी वाटणं म्हणतो, टोचणी म्हणतो, मन खातं म्हणतो. (माझ्या आजीला गिल्ट म्हटलं असतं तर तिने गिलिटाच्या बांगड्या काढून दाखवल्या असत्या. वरून सोन्याचा मुलामा, आत पितळ. तसं फार चुकलंही नसतं तिचं.) आणि क्षमेला? 'क्षमा असावी' हे पत्रात, 'माफ करा' हे रस्त्यात धक्का लागल्यावर. घरात आपण म्हणतो 'जाऊ दे'. 'जाऊ दे' म्हणजे चूक नव्हती जाऊ दे, की चूक होती पण जाऊ दे? दोन्हीला तेच. शब्दच असा आहे की ऐकणाऱ्याला कळू नये आपल्याला नक्की काय मिळालं. त्या मानाने कर्जमाफीतली 'माफी' स्वच्छ आहे, कर्ज होतं हे तरी त्यात धरलेलं असतं. मराठी बायबलात मत्तयाने दिलेल्या प्रार्थनेत अपराधाला 'ऋण' हाच शब्द आहे, हे वाचून मला बरं वाटलं होतं. 'कृपा' तर आपण नोकरी लागली, फ्लॅट झाला की वापरतो. ज्याचा काही हक्कच नव्हता ते मिळालं, हा कृपेचा अर्थ तर आपल्या संतांनीही सांगितलाय, पण रोजच्या बोलण्यात तो राहिला नाही.

दहाव्याला ओंकारेश्वराच्या घाटावर पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. झाडावर चार बसलेले, खाली एक उतरेना. मग नेहमीप्रमाणे सुरू झालं. दादा हात जोडून म्हणाला, आई, मी ताईला एकटं पडू देणार नाही. (मला तो ताईच म्हणतो, मी धाकटी असून.) नाही शिवला. मावशीने काही सांगितलं, नवऱ्याने सांगितलं. सगळे माझ्याकडे बघायला लागले, की तू काहीतरी बोल. मला काय बोलायचं ते शंभर टक्के माहीत होतं. मी म्हटलं, "आई, तुझ्या तुळशीला रोज पाणी घालीन." शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून शिववला.

आता कावळ्याचं काय, पाऊस होता, नसेल आला. माझा फारसा विश्वास नाही. पण भुताची गोष्ट लिहिणाऱ्याला काय हवं असतं ते मला त्या दिवशी समजलं. सबबी चालत नाहीत असा कोणीतरी समोर बसलेला हवा असतो त्याला. मार्लीला स्क्रूज सांगतो, तू तर धंद्यात हुशार होतास, आणि भूत किंचाळतं. माणसाला आपण पटवू शकतो. भुताला आणि कावळ्याला नाही.

लुईसचं सगळंच मला पटतं असं नाही हां. त्याच पुस्तकात पॅम नावाची एक आई आहे, मुलगा गेल्यावर दहा वर्षं त्याची खोली जशीच्या तशी ठेवणारी. तिला न्यायला आलेला भाऊ तिलाच सुनावतो, की तुझं प्रेम मुळी प्रेमच नव्हतं. असेल ताबा गाजवणारं. पण ते प्रकरण वाचताना मला लुईस मास्तरासारखा छडी घेऊन दिसतो. त्या वेळी त्याचं लग्नसुद्धा झालेलं नव्हतं. मुलगा गेलेल्या बाईला कृपेचा मार्ग दाखवायचा तर आधी थोडा वेळ तिच्याजवळ नुसतं बसायला हवं. दोस्तोयेव्हस्कीला ते जमतं. 'ब्रदर्स करामाझोव'मध्ये (१८८०) ग्रुशेंका एक लोककथा सांगते, एका दुष्ट म्हातारीची. उभ्या आयुष्यात तिने एक कांदा काय तो भिकारणीला दिलेला. तेवढ्यावर तिचा देवदूत तोच कांदा धरून तिला अग्नीच्या तळ्यातून वर ओढतो (पातीचा असावा, नाहीतर धरणार कुठे?). बाकीचे पापी तिला लटकतात, तर ती लाथा झाडते, माझा कांदा आहे, तुमचा नाही. कांदा तुटतो. देवदूत रडत निघून जातो. तो रडतो, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. (अकुतागावाची 'कोळ्याचा धागा' ही जपानी गोष्ट, १९१८ सालची, हुबेहूब अशीच आहे, फक्त तिथे बुद्ध आहे आणि कांद्याऐवजी कोळ्याचा धागा.)

माझी चार वर्षांची सेवा हा माझा कांदा होता, हे वेगळं सांगायला नको.

आणखी एक, मग संपवते. सेल्मा लागरलॉफ ही स्वीडिश लेखिका, साहित्याचं नोबेल मिळवणारी पहिली बाई (१९०९). तिची १९१२ ची एक कादंबरी आहे, तिच्यावर व्हिक्टर श्योस्त्रमने १९२१ मध्ये मूकपट केला, इंग्रजीत 'द फँटम कॅरेज'. जालावर सहज सापडतो, जरूर बघा. समजूत अशी, की वर्षाच्या शेवटच्या रात्री बाराच्या ठोक्याला जो मरेल त्याने पुढचं वर्षभर मृत्यूची गाडी हाकायची. डेव्हिड होल्म हा दारुडा. सॅल्व्हेशन आर्मीतली (नगरकडे जिला मुक्तिफौज म्हणतात ती) ईडिट नावाची मुलगी रात्रभर बसून त्याचा फाटका, रोगट कोट शिवते, त्यातून तिला क्षय लागतो, आणि हा सकाळी तिच्यासमोर ते शिवण टराटरा फाडतो. वर्षाअखेरीला ती मरणाला टेकलेली, आणि शेवटचं म्हणून कोणाला बोलावते तर त्याला. निरोप पोचतो, हा जात नाही. शेवटी त्याच रात्री मारामारीत पडतो आणि मृत्यूच्या गाडीतून, हातपाय बांधलेला, भूत होऊन तिच्या खोलीत येतो. तिच्यापाशी गुडघे टेकतो. उशीर झालाय, आणि तरी पोचतो.

निरोप मिळूनही न गेलेला माणूस, आणि निरोपच न दिलेली मी. त्या प्रसंगाला मी दर वेळी सिनेमा थांबवते आणि उठून चहा ठेवते.

उशिरा केलेलं पोचतं का, हा एकच प्रश्न माझ्याकडे राहिला होता. चार्ल्स विल्यम्स म्हणून लुईसचा एक मित्र, त्याने 'डिसेंट इनटू हेल'मध्ये (१९३७) यावर फार धाडसी उत्तर दिलंय. वाचायला महाकठीण पुस्तक, दोनदा सोडलं मी. त्यातल्या पॉलीनची भीती दुसरा माणूस तिच्या बदली वाहतो, अगदी सामान उचलावं तसं, आणि ती मोकळी होते. मग ती स्वतः कोणाची भीती उचलते, तर चारशे वर्षांपूर्वी श्रद्धेपायी जाळल्या गेलेल्या आपल्या पूर्वजाची. म्हणजे आज उचललेलं ओझं त्याला तेव्हा हलकं झालं. 'करावे तसे भरावे' ऐकत वाढलेल्या मला हे पचायला जड गेलं. एकाचं केलेलं दुसऱ्याने भरायचं, तेही मागच्या तारखेने? हिशेबात बसत नाही. पण मला हिशेबात बसेल असं काही नकोच होतं तेव्हा.

तर गेल्या वर्षी आईच्या श्राद्धाच्या दिवशी संध्याकाळी दादाचा फोन आला. व्हॉट्सअॅपवर, व्हिडिओ. खीर कशी झाली विचारत होता. मी आधी व्हिडिओ बंद केला, मग सांगितलं. मंगळवार, डॉक्टर, दोनदा काढलेला नंबर, सगळं. धावपळ हा शब्द न वापरता. वापरायचा नाही असं ठरवून बसले होते.

तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "माहीत होतं मला. डॉक्टरांशी बोललो होतो तेव्हा."

तेरा वर्षं!

मी म्हटलं, "मग बोलला का नाहीस?"

"तू कधी सांगतेस बघत होतो. मग बघणं पण सोडून दिलं." आणि म्हणाला, "चुकलीस तू, ताई. मला यायला मिळायला हवं होतं. पण झालं. माझ्याकडून ते संपलंय, कधीच."

तुम्हाला वाटेल मला हलकं वाटलं असेल. कसलं काय! मला इतका राग आला. चुकलीस? तू कोण मला चुकलीस म्हणणार? चार वर्षांत किती वेळा आलास? हे सगळं ओठांवर आलं, आणि त्याच वेळी मला तो धिप्पाड साहेब दिसला, कुरकुरत बसकडे निघालेला. इतक्या लोकांनी 'तुझी काही चूक नाही' म्हणून माझी समजूत घातली. एकाने प्रथमच चूक झाली म्हटलं आणि सोडूनही दिली, तर मला ते घेववेना. द्यायला जितकं जड, त्याहून घ्यायला जड असतं हे. गवत टोचतं ते हेच असणार. फोन हातात धरून मी नुसती बसले होते. तोही काही बोलला नाही. तिकडे कोणाची तरी गाडी मागे घेतल्याचा आवाज येत होता.

मग मी "बरं" म्हणाले. एवढंच म्हणता आलं. दहा-बारा येरझाऱ्या तेरा वर्षं घालून झाल्यावर 'बरं'.

आणि तो म्हणाला, "आईची ती गोधडी आहे का गं अजून? हिरव्या काठांची?"

आहे. माझ्याच कपाटात होती, मीच ठेवून घेतली होती, त्याने कधी मागितली नव्हती. एक वर्ष लागलं मला ती कपाटातून काढायला, तेही लिहून ठेवते. परवा धुतली. पावसाळी हवेत वाळायला दोन दिवस लागले. कुरिअरवाला वजन बघून जे पैसे सांगतो त्यात नवी चार येतील. तेव्हा मंडळी, डिसेंबरपर्यंत कोणी न्यू जर्सीला जाणारं असेल आणि बॅगेत जागा असेल तर कळवा. दोन किलोच्या आतच आहे, मी काट्यावर घालून बघितली.